तहान घेऊन इगतपुरीला: पहिल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची तयारी

मी ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते. आजवर विपश्यनेची, म्हणजे बुद्धांच्या परंपरेतल्या ध्यानाची, दहा दिवसांची दोन शिबिरं केली, दोन्ही इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात. पहिल्यांदा जायच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्याकडून दोनच प्रकारची उत्तरं मिळाली. एक, "अगं, आयुष्य बदलतं." दुसरं, "बाप रे, दहा दिवस न बोलता?" रात्रीचं जेवण नसेल तर गोळी कशावर घ्यायची, स्वेटर लागतो का, रजा दहा दिवसांची टाकायची की बारा, हे कुणी सांगेना. त्यातलं जे जे मला नंतर कळलं, ते इथे क्रमाने देते.

१. आधी चार मराठी शब्द बाजूला ठेवा

ही पायरी बॅग भरण्याच्याही आधीची. बुद्धांच्या शिकवणीतले बरेच शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तिथेच आपण फसतो. मी तर पहिले चार दिवस फसलेलीच होते.

वेदना. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत, म्हणजे बुद्धांची शिकवण ज्या भाषेत जपली आहे तिच्यात, वेदना म्हणजे जे जाणवतं ते, मग ते सुखाचं असो, दुःखाचं असो, नाहीतर धड ना सुख ना दुःख. मानेला पंख्याचा वारा लागला, ती वेदना. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, तीही वेदना. शिबिरातल्या प्रवचनात हिंदीत "संवेदना" म्हणतात, ते सोपं जातं.

तण्हा. संस्कृतात तृष्णा, आणि आपली रोजची "तहान" त्याच घरातली. घसा कोरडा पडला म्हणून पाणी पिणं ही काही तण्हा नव्हे. मिळालं तरी आणखी हवं, आणि मिळेपर्यंत चैन नाही, ही तण्हा. ती तीन प्रकारची सांगितली आहे. इंद्रियसुखाची कामतण्हा, असण्याची, काहीतरी होण्याची भवतण्हा, आणि विभवतण्हा, म्हणजे "हे नको, संपू दे एकदाचं". तिसरीला आपण तहान समजतच नाही. गुडघा ठणकायला लागला की मनात "कधी वाजणार ती घंटा" सुरू होतं ना, तीच ती.

उपेक्खा. आपल्याकडे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांची केलेली. पालीत जवळजवळ उलटं. नीट बघायचं, पण ओढून घ्यायचं नाही आणि ढकलूनही द्यायचं नाही. शिबिरात यालाच समता म्हणतात.

संस्कार. आपल्याकडे हे मुलांवर चांगलेच करायचे असतात. इथे संखार म्हणजे मनाने पुन्हा पुन्हा तशीच प्रतिक्रिया देऊन पाडलेली चाकोरी.

आता हे जोडून बघा. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुःख कशातून कसं उभं राहतं याची बुद्धांनी सांगितलेली साखळी. तिच्या बारा कड्यांमध्ये वेदनेच्या पुढची कडी तण्हेची आहे. आधी जाणवतं, लगेच हवं किंवा नको होतं. शिबिरातलं सगळं काम या एका सांध्यावर चालतं. जाणवणं थांबवायचं नाही, ते थांबतही नाही. त्याच्या पाठोपाठ जी उडी पडते ती बघायची.

"मग काय, सगळ्या इच्छाच सोडायच्या? मुलांची शिक्षणं कोण करणार?" हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला होता. याचं उत्तर "छंद" या शब्दात आहे. पालीत छंद म्हणजे काही करण्याची इच्छा, आणि ती वाईटच असते असं नाही. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक व्यायामाच्या, म्हणजे योग्य प्रयत्नाच्या, व्याख्येतलं पहिलंच क्रियापद "छंदं जनेति", छंद निर्माण करतो, हे आहे. करायची इच्छा आणि मिळालंच पाहिजे ही तगमग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी ज्यांना "तृष्णा सोडा" हे ऐकून "म्हणजे गप्प बसा" असं काही ऐकू येतं, त्यांची शंका मी उडवून लावणार नाही. बाबासाहेबांनी "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच प्रश्न टाकला आहे, की चार आर्यसत्यं (दुःख आहे, तृष्णा हे त्याचं कारण, ते थांबू शकतं, आणि त्याचा मार्ग आहे) ही मूळ शिकवण आहे की भिक्खूंनी नंतर घातलेली भर? तो प्रश्न सोबत घेऊन गेलात तरी चालेल. शिबिरात श्रद्धेची नाही, बसण्याची अट असते.

२. आत्ता जावं का, हे स्वतःला विचारा

घरात नुकतं कुणी गेलंय, घटस्फोट चालू आहे, नोकरी सुटलीय, आणि "जरा शांतता मिळेल" म्हणून निघालात तर थोडं थांबा. दहा दिवस दुसरं काहीच करायला नसतं, त्यामुळे मनात दाबून ठेवलेलं वर येतं. गंभीर मानसिक आजार असेल किंवा त्याची औषधं चालू असतील, तर अर्जात स्पष्ट लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. अशा अर्जदारांना केंद्र नाही म्हणू शकतं, आणि ते त्यांच्या भल्यासाठीच असतं. लपवून गेलात तर त्रास तुम्हालाच. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, पाठीचं दुखणं, सगळं लिहा. चालू औषधं मनाने बंद करू नका. विपश्यना म्हणजे दवाखाना नव्हे.

३. केंद्र निवडा, अर्ज भरा

महाराष्ट्रात केंद्रं बरीच आहेत. इगतपुरीचं धम्मगिरी सगळ्यांना माहीत असतं. ही शिबिरं ज्यांनी सुरू केली ते आचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली बर्मातून भारतात आले आणि धम्मगिरीला शिबिरं सुरू झाली १९७६ मध्ये. त्यांचे गुरू सयाजी उ बा खिन हे बर्माचे अकाउंटंट जनरल. आमच्या खात्यातला माणूस, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. धम्मगिरीशिवाय नाशिकला धम्म नासिका, पुण्याजवळ मरकळला धम्मानंद, नागपूरकडे धम्म नाग, कोल्हापूरकडे धम्मालय आणि मुंबईत गोराईला ग्लोबल पॅगोड्याच्या आवारात धम्म पत्तन. शिकवण सगळीकडे तीच, सूचना आणि प्रवचनं गोयंकाजींच्याच ध्वनिमुद्रित आवाजात. तेव्हा घराजवळचं केंद्र घ्या. धम्मगिरीचाच हट्ट धरला तर कदाचित जास्त थांबावं लागेल.

अर्ज ऑनलाइन भरतात. त्यासोबत शिबिराची आचारसंहिता येते. ती सगळी वाचा. मी सही ठोकून मोकळी झाले होते, आणि शिबिरात इतर साधना, जप, पूजा दहा दिवस बंद ठेवायची असते हे तिथे गेल्यावर कळलं. माझी जपमाळ कार्यालयात जमा झाली.

अर्ज मंजूर झाला की कळवतात आणि नंतर "नक्की येणार ना?" असं पुन्हा विचारतात. त्याला उत्तर द्यायचं राहिलं तर जागा जाऊ शकते. येणं जमणार नसेल तर वेळेत रद्द करा, तुमच्या मागे प्रतीक्षायादीत कुणीतरी असतं.

आणि पैसे. फी नाही. राहण्याजेवणाचेही घेत नाहीत. दान घेतात, पण ते किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. "जागा करून देतो, इतके द्या" असं कुणी म्हणालं तर तो माणूस केंद्राचा नाही.

४. रजा बारा दिवसांची

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. शिबिर दहा दिवसांचं, पण पोहोचण्याचा दिवस शून्यावा आणि निघण्याचा अकरावा. म्हणजे कॅलेंडरवर बारा दिवस. शक्य असेल तर तेरावाही घ्या. मी अकराव्या दिवशी दुपारी थेट ऑफिसात गेले होते. जीएसटीचा आठवडा होता. पुन्हा करणार नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सोय आहे, आपल्या आस्थापना शाखेत विचारून घ्या.

घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा नंबर द्या आणि खरोखरची तातडी असेल तरच फोन करायला सांगा. गॅसचा नंबर कधी लावायचा, मुलाची फी कधी भरायची, हे फ्रिजवर लिहून लावा. नाहीतर चौथ्या दिवशी डोळे मिटून तुम्ही गॅसचं बुकिंगच करत बसाल.

५. बॅग

लागतं ते: आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, प्रवेश मंजुरीचा निरोप, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधं. सैल, साधे, अंग झाकणारे कपडे. बायकांनी ओढणी न्यावी. काट्यांचं किंवा बॅटरीवरचं गजराचं घड्याळ, कारण मोबाइल जमा होतो. टॉर्च, कुलूप, पाण्याची बाटली, कपडे धुण्याचा साबण, वास नसलेला अंगाचा साबण, आणि फट् फट् न वाजणाऱ्या चपला. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण निःशब्द हॉलच्या पायऱ्यांवर दुसऱ्याच्या चपला वाजायला लागल्या की विभवतण्हा म्हणजे काय ते लगेच कळतं. अंथरूण-पांघरुणाचं काय, ते प्रत्येक केंद्राच्या यादीत बघा.

इगतपुरी घाटमाथ्यावर आहे. पावसाळ्यात जात असाल तर कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्त घ्या. थंडीत पहाटे साडेचारला शाल हवीच.

न्यायचं नाही ते: पुस्तकं, वही, पेन, अत्तर, तंबाखू, खाण्याच्या वस्तू.

या शेवटच्या शब्दाचा मला वेगळा धडा मिळाला. संध्याकाळी जेवण नाही हे वाचून मी घाबरले आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट सलवारच्या घडीत दडवून नेलं. दुसऱ्या संध्याकाळी, प्रवचनाच्या आधी, बाथरूमचा नळ सोडून तीन वड्या खाल्ल्या. नळ अशासाठी, की कुरकुर ऐकू जाऊ नये. रात्री खोलीत दिवा लावला तर दारापासून बॅगेपर्यंत मुंग्यांची रांग. पहिल्याच दिवशी पंचशील घेतलेलं, त्यातलं पहिलं शील प्राण्याची हत्या करायची नाही. मारता येईनात, कुणाला सांगता येईना. शेवटी पाकीट उचलून बाहेर झाडाखाली ठेवून आले आणि मुंग्या आपण होऊन जाईपर्यंत कॉटवर पाय वर घेऊन बसले. भूक तर तेव्हा नव्हतीच, हे मला तिथे बसल्यावर कळलं. जेवण अकरा वाजता पोटभर झालं होतं, पाच वाजता चहा, कुरमुरे आणि केळं झालं होतं. पोटाने काही मागितलं नव्हतं.

६. पोहोचण्याचा दिवस

मुंबईहून इगतपुरी रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटर. थेट गाडीचं तिकीट नाही मिळालं तर लोकलने कसाऱ्यापर्यंत या, पुढे घाटातून जीप किंवा एसटी. स्टेशनवरून रिक्षा मिळते, नुसतं "विपश्यना" म्हटलं तरी पुरतं. दुपारीच पोहोचा. नोंदणी, खोली, सामान जमा करणं यात वेळ जातो. स्त्रिया आणि पुरुषांची राहण्या-जेवणाची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे जोडप्याने गेलात तर निरोप नोंदणीपाशीच घ्या.

संध्याकाळी हलकं खाणं, सूचना, आणि मग आर्य मौन सुरू. बोलणंच नाही, खाणाखुणाही नाहीत, नजरानजरही टाळायची. साधनेबद्दल शंका असेल तर आचार्यांना आणि खोलीतला दिवा गेला तर धम्मसेवकांना, म्हणजे शिबिराची व्यवस्था बघणाऱ्यांना, विचारता येतं. हे विचारता येतं हेच मला माहीत नव्हतं. एक रात्र टॉर्चवर काढली.

७. पहिले तीन दिवस: फक्त श्वास

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. आठ, अडीच आणि सहा वाजता तासातासाच्या सामूहिक बैठका, मध्ये इतर साधना, अकराला जेवण, पाचला चहा, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बेरीज करून बघा, दिवसाला दहा तासांहून जास्त बसणं होतं.

या तीन दिवसांत आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तो लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कुठलं नाव जोडायचं नाही. पहिल्या दिवशी मी सलग दोन श्वास बघू शकले असेन. उरलेला वेळ २०११ सालच्या एका भांडणात गेला.

सगळ्यात मोठा खड्डा इथे असतो: जोर लावणं. दात-ओठ खाऊन एकाग्र व्हायला गेलात तर डोकं दुखतं. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. चालत ध्यान करता करता त्याच्या पायांतून रक्त यायला लागलं, तरी काही हाती लागेना. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? मन भरकटलं हे लक्षात आलं की पुन्हा श्वासावर आणायचं, बस्स. स्वतःवर चिडायचं नाही.

आणखी एक. दुसरा आणि सहावा दिवस जड जातो, असं जुने साधक सांगतात. माझा सहावा गेला. तेव्हा बॅग भरावीशी वाटली तर आधी आचार्यांना भेटा, दुपारी बारा ते एक ही वेळ त्यासाठीच असते.

८. चौथ्या दिवसापासून: अंगभर फिरायचं

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष नेत जायचं आणि तिथे काय जाणवतं ते बघायचं. मग अधिष्ठान सुरू होतं: सामूहिक बैठकीत तासभर हात, पाय आणि डोळे उघडायचे नाहीत.

माझा डावा घोटा पंचविसाव्या मिनिटाला पेटायचा. आधी एक ठणका, मग तो तापल्यासारखा, मग वाटायचं आता हाड मोडणार. पाचव्या दिवशी, निव्वळ दुसरा इलाज नाही म्हणून, मी त्यात डोकावून बघितलं. एकसंध असं काही नव्हतंच. टोचणं होतं, मग धडधड, मग मध्येच काही नाही, पुन्हा टोचणं. या सगळ्यावर "हे कधी संपणार" असं एक ओझं मी वरून ठेवलं होतं. बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे: पहिला बाण शरीराला लागतो तो लागतोच, पण धम्म न शिकलेला माणूस त्यावर शोक आणि तडफड करून दुसरा बाण मनाला लावून घेतो. घोटा दुखतच राहिला. दुसरा बाण मात्र त्या दिवशी दहा-बारा सेकंद नव्हता. घंटा वाजल्यावर उठले, चालले, हाड शाबूत होतं. (पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हे शौर्य नको. खुर्ची मागा, देतात.)

पुढचा खड्डा जास्त धूर्त आहे. सातव्या-आठव्या दिवशी काहींना अंगभर हलकी, गोड शिरशिरी जाणवते. मला एका सकाळी जाणवली आणि मी खूश झाले, जमलं म्हणून. त्यानंतर दीड दिवस मी तीच शोधत बसले. मिळेना तशी चिडचिड वाढली. आचार्यांकडे गेले तर त्यांनी विचारलं, "आली, गेली. मग?" मी शांततेचीच तहान धरून बसले होते, चिक्कीसारखी. कुणाला काही जाणवतं, कुणाला दहा दिवस नुसतंच जड वाटतं. त्यावरून मार्क मांडू नका. गोड वाटलं तेव्हा मन चिकटलं का, कडू वाटलं तेव्हा पळालं का, एवढंच बघा.

९. दहावा दिवस

सकाळी मैत्री-भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. सगळ्या एकदम बोलायला लागतात. दहा दिवस जिला मी मनातल्या मनात "चपलावाली" म्हणत होते, ती निघाली बदलापूरची शिक्षिका, आणि तिने मला "तो नळ सोडून काय करायचीस गं?" असं विचारलं. या दिवशी बोला, पण बैठका चुकवू नका. फोन लगेच मागायची घाई नको.

अकराव्या दिवशी सकाळच्या प्रवचनानंतर खोली झाडून, पुसून द्यायची असते. गाडीचं तिकीट त्या हिशोबाने काढा.

१०. घरी आल्यावर

सांगतात सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मला सकाळचा अर्धा जमतो, संध्याकाळचा आठवड्यातून दोनदा. महिन्यात एखाद्या रविवारी सामूहिक साधनेला जाते. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरंही असतात, तिथे गाडी परत रुळावर येते. दुसऱ्या दहा दिवसांना जाल तेव्हा जुने साधक म्हणून आठ शीलं घ्यावी लागतील. मग पाच वाजता कुरमुरे नाहीत, लिंबूपाणी.

पहिले आठ दिवस घरातल्यांना उपदेश करू नका. मी नवऱ्याला "तू प्रतिक्रिया देतोयस" असं तिसऱ्याच दिवशी ऐकवलं आणि जेवताना पुरेसं मोठं भांडण झालं. बदल झालाय का, हे त्यांना विचारूही नका. फोनचं मात्र करून बघा: तो वाजला की उचलायच्या आधी हाताच्या तळव्यात, छातीत काय होतं ते एक श्वासभर बघा. मग उचला.

आणि खोलीच्या कुलपाची किल्ली देऊन टाका. मी ती ओढणीच्या गाठीत बांधून कसाऱ्यापर्यंत घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी कुरियर करावी लागली.